रोपाचे वय

मे महिन्यातला वळीव नुकताच होऊन गेला होता आणि झारी न धरता भिजलेल्या मातीचा वास सगळ्या रोपवाटिकेत भरून राहिला होता. त्या दुपारी गडहिंग्लजकडचा एक तरुण शेतकरी मोटारसायकलवरून आमच्याकडे आला. आमचे गाव चंदगड तालुक्यात, तिलारीच्या बाजूला, घाटाच्या अगदी कडेवर आहे. मुद्दाम वाट वाकडी केल्याशिवाय इथे कोणी येत नाही, म्हणून आलेल्या माणसाला आधी पाणी, मग चहा आणि मग रोपे दाखवायची अशी आमच्या घरची रीत आहे. त्याने पाणी घेतले, पण चहाला तो थांबला नाही. थेट शेडनेटखाली गेला, माणगा बांबूच्या रोपाची एक पिशवी उचलली, पाने उलटी करून पाहिली, पिशवीचा तळ अंगठ्याने दाबून पाहिला. आता भाव विचारील असे मला वाटले होते. त्याने विचारले, "ताई, ह्या रोपाचं वय काय?" मी म्हटले, "वर्षाचं आहे. गेल्या मार्चमध्ये कांड्या लावल्या होत्या." त्याने मान हलवली. "पिशवीतलं वय नको. मुळापासनं सांगा."

मग तिथेच उकिडवे बसून त्याने कारण सांगितले. त्याच्या आजोबांनी ओढ्याकाठच्या कळकाच्या, म्हणजे काटेरी बांबूच्या, एका बेटाचे कंद काढून शेताच्या चार कोपऱ्यांवर लावले होते. एका बेटाला पाटाचे पाणी मिळत असे, एक कोरड्या बांधावर होते, एक गोठ्यामागे उकिरड्याशेजारी वाढत होते. जमीन वेगळी, पाणी वेगळे, लावण्याची वर्षेही मागेपुढे. तरी ती चारही बेटे आणि ओढ्याकाठचे मूळ बेट एकाच साली फुलोऱ्यावर आली आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत उभ्या उभ्या वाळून गेली. बहिणीच्या लग्नाचा खर्च त्याच बांबूवर काढायचे वडिलांनी ठरवले होते. "म्हणून विचारतोय. हे रोप कुठल्या बेटातनं आलं, ते बेट कुठनं आलं, आणि ते कधी फुललं होतं, एवढं मला पाहिजे."

माणग्याविषयी जे खात्रीने ठाऊक आहे ते मी त्याला सांगितले. माणगा कळकासारखा एकाच वेळी सगळा फुलून मरत नाही. अधूनमधून एखाद्या बेटातल्या काही काठ्यांना फुलोरा येतो, पण त्यात बी भरत नाही, आणि म्हणूनच माणग्याचे रोप कोणीही बियांपासून करत नाही. कंद किंवा कांडी हाच आमचा मार्ग. त्याने ते नीट ऐकून घेतले, हवी तेवढी रोपे मोटारसायकलच्या दोन्ही बाजूंना क्रेटमध्ये बांधली आणि तो गेला. मी सांगितले त्यात खोटे काहीच नव्हते. तरीही संध्याकाळी पाणी देताना, रात्री भाकऱ्या थापताना, त्याचा प्रश्न माझ्या मनात फिरत राहिला. मी त्याला माणग्याचा स्वभाव सांगितला होता. त्याने वय विचारले होते.

आमच्या घरामागचे सर्वांत जुने बेट मामंजींच्या आजीने आणलेले आहे. तिचे माहेर घाटाखाली, दोडामार्गच्या बाजूला. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी जाऊन ती मृगाच्या पावसात परत निघाली, तेव्हा तिच्या आईने पाटीत ओल्या पोत्यात गुंडाळलेले माणग्याचे कंद घालून दिले आणि ते डोक्यावर घेऊन ती रामघाट चढली, असे घरात सांगतात. इकडे वर तेव्हा नाचणी, वरी आणि पावसाळी भात. माणगा नव्हताच असे नाही, पण तिला आपल्या परड्यातला हवा होता. तिने तो न्हाणीघराच्या सांडपाण्याजवळ लावला. घर दोनदा पडले, दोनदा उभे राहिले, न्हाणीघराची जागा बदलली, पण बेट तिथेच आहे. आमच्या रोपवाटिकेतली अर्धीअधिक रोपे त्याच बेटाच्या कांड्यांची आहेत. मग या रोपाचे वय किती धरायचे? पिशवीत घातल्यापासून वर्ष. ज्या काठीची कांडी केली ती काठी दोन पावसाळे पाहिलेली. ते बेट आजीच्या हातचे, म्हणजे शंभरीच्या आसपासचे. आणि आजीच्या आईच्या परड्यातले बेट तिने कुठून आणले असेल? बी नसल्यामुळे मध्ये कुठेही नवा जन्म झालेला नाही. एकच जीव या परड्यातून त्या परड्यात, या डोक्यावरून त्या डोक्यावर, कोकणातून घाटावर आणि घाटावरून पुन्हा खाली फिरत आला आहे. गडहिंग्लजला गेलेली रोपेही तोच जीव आहेत.

माणग्याच्या नावाचेही असेच झाले आहे. १८६८ साली विल्यम मन्रो या इंग्रज अधिकाऱ्याने जगभरच्या बांबूंवर जो प्रबंध लिहिला, त्यात या बांबूला ऑक्सिटेनँथेरा स्टॉक्सी म्हटले होते. पुढे तो सुडोऑक्सिटेनँथेरा झाला आणि आता डेंड्रोकॅलॅमस स्टॉक्सी या नावाने ओळखला जातो. आमच्या फाटकावरच्या पाटीवर अजून मधले नाव आहे. वनस्पतींची कुळे फुलांवरून ठरवतात, आणि बांबूचे फूल एखाद्या अभ्यासकाला आयुष्यात एकदा बघायला मिळाले तरी पुष्कळ; त्यामुळे इतका नित्याच्या वापरातला बांबू शास्त्राच्या वहीत या रकान्यातून त्या रकान्यात जात राहिला. बेळगावपलीकडे त्याला मरिहाळ म्हणतात. इकडे मात्र तो माणगाच. कळकासारखे काटे नाहीत, काठी बुंध्याकडे जवळजवळ भरीव, सरळ, आणि बेट इतके मोकळे की आत शिरून हवी ती काठी तोडता येते. टोमॅटोच्या आणि द्राक्षांच्या मळ्यांना त्याच्या काठ्या ट्रक भरभरून जातात. कुडाळला कॉनबॅकसारख्या संस्थेने याच माणग्याची घरे आणि फर्निचर करून दाखवले. काठी बाजारात उभी राहिली की तिची परीक्षा डोळ्यांनी होते: जाडी, लांबी, सरळपणा. रोपाची परीक्षा अशी होत नाही, आणि त्यामुळेच त्या तरुणाचा प्रश्न मला इतका लागला.

आमचे काम माघ-फाल्गुनात सुरू होते. बेटात शिरून दीड-दोन वर्षांची काठी निवडायची. यंदाच्या कोवळ्या काठीच्या कांड्यांवर पांढरी भुकटी असते आणि कोंबाची वाळकी आवरणे पेरांना चिकटलेली असतात. ती घ्यायची नाही. जुन्या काठीवर दगडफुलासारखे ठिपके धरू लागतात, तीही नाही. मधली घ्यायची, जिच्या पेरावरचा डोळा फुगीर आहे पण अजून झोपलेला आहे. मामंजी काठीला हात लावतात आणि पेरापाशी अंगठा फिरवतात. डोळा मेलेला असेल तर तो अंगठ्याला कोरडा, टोकदार लागतो. जिवंत असेल तर थोडा दबतो. मला हे कळायला बराच काळ गेला आणि अजूनही शंका आली की मी त्यांना हाक मारते. काठी तोडली की दोन-दोन पेरांच्या कांड्या करायच्या, फांद्या पेरालगत जपून छाटायच्या, डोळ्याला कोयत्याची धार लागू द्यायची नाही. मग मुळे फुटण्याच्या द्रावणात बुडवून गादीवाफ्यावर आडव्या ठेवायच्या, डोळे दोन्ही अंगांना येतील अशा, आणि वर बोटभर माती. सकाळी तोडलेली काठी दुपारच्या आत मातीखाली गेली पाहिजे. आत्याबाई त्या दिवशी डबा वाफ्याशीच आणतात.

पंधरा-वीस दिवसांत वाफा हिरवा होतो. नव्याने रोपवाटिका घातलेल्या माणसाला हा सगळ्यांत आनंदाचा काळ वाटतो. प्रत्येक पेरातून पोपटी पाती उभ्या राहतात, वाऱ्याने एकदम एका बाजूला कलतात, आणि बघणारा मनातल्या मनात रोपे मोजू लागतो.

पण पान म्हणजे रोप नव्हे.

ती पाने कांडीतल्या साठ्यावर आलेली असतात. काठीने आईकडून जे घेतले होते ते ती खर्च करत असते. खाली मूळ फुटले तर पान टिकते. नाही फुटले तर एप्रिलअखेर पानांच्या कडा गुंडाळू लागतात आणि आठवड्याभरात हिरवा वाफा पेंढ्याच्या रंगाचा होतो. या दोन महिन्यांत कांडी उकरून बघण्याचा मोह आवरावा लागतो, कारण पहिली मुळे काचेसारखी ठिसूळ असतात आणि नुसत्या माती सरकण्याने तुटतात. मृगाच्या सुमारास कांडी काढतो तेव्हा दिसते: पेराच्या खालच्या अंगाने पांढरी मुळे उतरलेली, त्यांच्या टोकांना माती धरून राहिलेली. ज्यांना ती नाहीत त्या, कितीही हिरव्या असल्या तरी, बाजूला काढायच्या. मूळ आलेली कांडी पिशवीत जाते. लाल माती, चाळलेले शेणखत, थोडी वाळू. तरीही ती विकायची नाही. कंद धरला पाहिजे. पिशवीत मातीतून जेव्हा आधीच्या कोंबापेक्षा जाड असा नवा कोंब वर येतो तेव्हा समजायचे की खाली कंद झाला. कंद नसलेले रोप शेतात पहिला पावसाळा हिरवे राहते आणि पहिल्या उन्हाळ्यात जाते, आणि लावणारा म्हणतो, आमच्याच जमिनीत बांबू येत नाही. त्या तरुणाने पिशवीचा तळ दाबून पाहिला तेव्हाच मी ओळखले होते की याला कोणीतरी नीट शिकवले आहे.

पाण्याची गोष्ट बाहेरच्या माणसाला खरी वाटत नाही. आमच्याकडे पावसाळ्यात चार-चार दिवस डोंगर दिसत नाही, कपडे चुलीवर वाळवावे लागतात, घरातल्या लाकडी फडताळाला बुरा येतो. पण जांभा पाणी धरून ठेवत नाही. सगळे घाटाखाली कोकणात निघून जाते आणि मार्चमध्ये, नेमक्या कांड्या लावण्याच्या दिवसांत, झऱ्याची धार करंगळीएवढी होते. पूर्वी घागरींनी वाफे शिंपत असत. आत्याबाईंच्या खांद्याची दुखणी तेव्हाची आहेत. आता झऱ्याखाली टाकी आहे, रात्रभर भरते, सकाळी उतारावरून पाईपने वाफ्यापर्यंत येते. त्या टाकीत जेवढे पाणी साठते तेवढ्याच कांड्या आम्ही लावतो. रोपवाटिका मोठी का करत नाही, असे अनेक जण विचारतात, त्याचे उत्तर त्या टाकीत आहे. शिवाय वाळवी आहे, हुमणी आहे. बेटात कोंब फुटू लागले की साळिंदर येतात आणि एका रात्रीत कोवळे कोंब कुरतडून ठेवतात. २००२ साली कर्नाटकातून दोडामार्गकडे उतरलेले हत्ती पुढे आमच्या तालुक्यातही फिरू लागले. कळप शिवारात आहे अशी बातमी आली की त्या रात्री कोणी झोपत नाही. हत्ती बेटापाशी उभा राहून काठ्या मोडतो तो आवाज लांबून ऐकू येतो, आणि भीती वाटत असतानाही मला कुठेतरी असे वाटते की ज्याच्या रानातला बांबू गेला तो आमच्या बांधावर येणारच. सकाळी मोडलेले बेट बघताना मात्र हे वाटणे टिकत नाही. दोन्ही खरे आहे.

गेल्या काही वर्षांत बांबूला एकदम मागणी आली. १९२७च्या वन कायद्याने बांबूला झाडांत धरले होते, त्यामुळे स्वतःच्या बांधावरचा बांबू गाडीत भरतानाही माणसाला परवान्याची धास्ती असे. मामंजींच्या बोलण्यात अजून त्या काळच्या फेऱ्या येतात. २०१७च्या नोव्हेंबरमध्ये अध्यादेश निघाला, मग संसदेने कायदा दुरुस्त केला, आणि वनाबाहेर लावलेला बांबू झाडांच्या व्याख्येतून बाहेर आला. पुढच्याच वर्षी राष्ट्रीय बांबू अभियान नव्याने मांडले गेले, अनुदाने आली, भाषणे झाली. हे चांगलेच झाले. मी त्याच्या विरोधात बोलणार नाही. पण मागणी आली ती लाखांच्या आकड्यात आणि जूनच्या पहिल्या आठवड्याच्या मुदतीत. एका ठेकेदाराने आम्हाला फोनवर एवढी रोपे मागितली की आमच्या सगळ्या बेटांतली एकूण एक काठी तोडली असती तरी पुरली नसती. "जात कोणतीही चालेल, उंची दोन फूट पाहिजे," असे त्याचे म्हणणे होते. नवऱ्याने नम्रपणे नाही म्हटले. फोन ठेवल्यावर तो बराच वेळ गप्प होता, कारण त्या पैशांत धाकट्या दिरांची मुंबईची खोली सोडवता आली असती.

जात कोणतीही चालेल, हे वाक्य मला त्या आकड्यापेक्षा जास्त टोचले. दोन फुटांच्या रोपात माणगा, मानवेल, मेस आणि कळक सामान्य माणसाला सारखेच दिसतात, सगळे गवतच. पानाची रुंदी, आवरणावरची लव, पेराचा रंग यांवरून ओळखता येतात, पण त्यासाठी रोज त्यांच्यात वावरावे लागते. आमच्या शेजारच्या गावातल्या एका बाईंनी कुठूनशी आणलेली माणग्याची म्हणून लावलेली रोपे दुसऱ्या पावसाळ्यात काट्यांनी भरली. काजूच्या बागेच्या मधोमध कळकाची रांग उभी राहिली आणि आता बागेत काजू वेचायला जाता येत नाही. भाजीचे रोप चुकीचे निघाले तर एक हंगाम जातो, आंब्याचे कलम चुकीचे निघाले तर काही वर्षे जातात. बांबू विकत घेणारा माणूस चौथ्या-पाचव्या वर्षी पहिली तोड करतो आणि त्यानंतर पुढची पिढी तोडत राहील अशा हिशेबाने जमीन अडकवतो. फुलोऱ्याचा हिशेब धरला तर खरे-खोटे कळायला विकणारा आणि घेणारा दोघेही कदाचित नसतील. इतक्या लांबचे वचन हातात धरून माणूस पिशवी उचलतो, आणि त्याच्याजवळ विकणाऱ्याच्या शब्दाशिवाय काहीही नसते.

कळकाचे चक्र साधारण चाळीस वर्षांच्या पुढेमागे भरते. मानवेलीचे ठिकाणाप्रमाणे बदलते. मिझोरामात मौताक नावाचा बांबू सुमारे ४८ वर्षांनी डोंगरच्या डोंगर एकदम फुलतो. १९५८-५९ साली तो फुलला तेव्हा बियांवर उंदीर माजले, त्यांनी शेतातले धान्य फस्त केले, आणि त्या दुष्काळाने तिथले राजकारण कायमचे बदलले. पुढचा फुलोरा २००६ ते २००८च्या दरम्यान ठरल्याप्रमाणे आला. बांबू फुलला की वाईट काळ येतो असे आमच्याकडचे म्हातारे बोलतात तेव्हा मला ते उगीच वाटत नाही. बेटाच्या कंदात ही मोजणी कुठे असते हे आपल्याला दिसत नाही, पण कंद तोडून दुसरीकडे लावला म्हणून ती पुन्हा पहिल्यापासून सुरू होत नाही, हे त्या तरुणाच्या चार कोपऱ्यांनी दाखवले. कांडीचेही तसेच. प्रयोगशाळेत बाटलीत वाढवलेल्या रोपाचेही तसेच. त्यालाही आई असतेच, आणि ती आई पस्तीस वर्षांची असेल तर तिच्यापासून केलेली लाखभर रोपे एका दमात पस्तीस वर्षांची होऊन शेतात जातात. ऊतिसंवर्धनाला मी वाईट म्हणत नाही. एवढ्या मागणीला कांड्या पुरणारच नाहीत. फक्त त्या बाटलीवर आईचे नाव असावे, एवढेच मला वाटते.

एकदाच असे झाले की ज्यांचा जन्म आम्हाला नक्की ठाऊक आहे अशी रोपे आमच्याकडे तयार झाली. खालच्या ओढ्यावरचा कळक फुलला होता. पाने गळून गेलेल्या काठ्यांवर तांबूस-पिवळे झुबके लटकत होते, आणि उन्हे चढली की त्यांतून साळीसारखे दाणे टपटप गळत. गावातल्या बायकांनी खाली गोधड्या अंथरल्या. दाणे कांडून, शिजवून आम्ही तो भात खाल्ला. थोडा गोडसर, थोडा चिवट. आत्याबाई जेवताना एकदम म्हणाल्या, "बेटानं जाता जाता घास दिला." मग कोणीच फारसे बोलले नाही. बांबूचे बी काही महिन्यांतच जीव सोडते, म्हणून आम्ही राखलेले बी लगेच पेरले. आठ-दहा दिवसांत सुईएवढे हिरवे कोंब मातीवर आले. वर ओढ्यावर त्यांची आई वाळत होती आणि इथे वाफ्यात तिची मोजणी पुन्हा एकपासून सुरू झाली होती. त्या रोपांना काठी धरायला कंदाच्या रोपांपेक्षा जास्त वर्षे लागली, म्हणून गिऱ्हाइके त्यांना नाक मुरडत. पण त्यांतले एकही रोप आम्ही वय न सांगता दिले नाही, आणि ते सांगताना मला जो विश्वास वाटत असे तो माणग्याच्या पिशवीजवळ कधी वाटला नव्हता, हे मला त्या तरुणाने विचारल्यानंतर उमगले.

एके रात्री मी हे सगळे मामंजींपुढे मांडले. ते ओसरीवर काथ्या वळत बसले होते. मी म्हटले की प्रत्येक बेटाला क्रमांक देऊया, वाफ्यावर त्या क्रमांकाची पाटी लावूया, आणि बिलावर लिहूया: कोणत्या बेटाचे रोप, ते बेट कोणी कुठून आणले, त्याला कधी फुलोरा दिसला का. सरकारी मान्यतेचे नियमही मातृबेटांची नोंद ठेवायला सांगतात, पण ती नोंद कार्यालयाच्या फायलीत राहते. मला ती गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची होती. मामंजींना सगळ्या बेटांची कुळकथा तोंडपाठ आहे, पण कागदावर काहीच नाही, आणि त्यांच्यानंतर ती कोणाला विचारायची हा प्रश्न मी बोलून दाखवला नाही, तरी तो ओसरीवर होता. त्यांनी काथ्या खाली ठेवला. "आणि उद्या त्यातलं एखादं बेट फुललं तर? बिलं घेऊन शंभर माणसं दारात उभी राहतील. आमचं सगळं वाळलं म्हणतील." त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. ज्याने काही लिहून दिले नाही त्याला कोणी विचारायला येत नाही. आत्याबाई चुलीपाशी होत्या. त्यांनी तिथूनच उत्तर दिले. "येऊ देत की. आपल्या बेटाच्या कांड्या न्यायला आलेली माणसं ती. आपलंही तेव्हा वाळलेलं असंल. बसू सगळे मिळून."

दुसऱ्या दिवशीपासून मामंजी सांगू लागले आणि मी लिहू लागले. पहिले बेट, न्हाणीघरामागचे, आजीने दोडामार्गच्या बाजूने आणलेले. एकदा दोन काठ्यांना फुलोरा, बी नाही, बेट टिकले. दुसरे, गोठ्याच्या वरच्या अंगाचे, पहिल्याचाच कंद, मामंजींच्या वडिलांनी लावलेला. बांधावरची रांग त्या दुसऱ्यातून. मेसाचे बेट रानातून आणलेले, कोणी ते ठाऊक, कोणत्या रानातून तेही ठाऊक. लिहिताना मामंजी मधेच थांबत आणि त्या माणसाच्या गोष्टीत शिरत. कोणाच्या घरचा माणगा, त्यांची कोणती मुलगी कोठे दिली, तिने तिथे तो लावला का. बेटांची वही लिहायला बसलो आणि अर्धी वही माहेर-सासरच्या नात्यांनी भरली. आमचा माणगा या पट्ट्यात ज्या वाटेने पसरला ती वाट बहुतेक ठिकाणी एखाद्या सासरी निघालेल्या मुलीची आहे, हे मला त्या पानांवर दिसले. ते खरोखरच तसे आहे की मामंजींची आठवण नात्यांच्या आधारानेच चालते, हे मात्र मला ठरवता आलेले नाही.

या जूनपासून आमच्या बिलावर दोन ओळी वाढल्या आहेत. बहुतेक गिऱ्हाइके त्या वाचत नाहीत. बिल घडी करून खिशात घालतात. काही थांबून वाचतात आणि विचारतात, आणि मग चहा होतो. गडहिंग्लजच्या त्या तरुणाला मी फोन करून त्याच्या रोपांच्या बेटाची नोंद सांगितली. त्याने ती लिहून घेतली आणि आजोबांच्या वहीतच चिकटवतो म्हणाला. वहीत एक जागा मात्र रिकामी आहे. ओढ्याच्या वळणावरचे तिसरे बेट, ज्याच्या काठ्या सगळ्यांत सरळ आहेत आणि ज्याच्या रोपांना मागणी सगळ्यांत जास्त आहे, ते मामंजींच्या चुलत्यांनी भेडशीच्या बाजारातून कोणाकडून तरी आणले होते, एवढेच ठाऊक आहे. पाऊस उघडला की मामंजी आणि मी घाट उतरून भेडशीला जाणार आहोत, तिथल्या जुन्या माणसांना विचारायला. तोवर त्या बेटाच्या कांड्या काढायच्या नाहीत असे ठरले आहे.